घाण माझ्याकडं

मार्चमधल्या त्या गुरुवारी गच्चीवर दोन घरच्या कुरडया, एका घरचे बटाट्याचे पापड आणि हौसेरावांची घाण, एवढं सगळं एकाच उन्हात वाळत पडलं होतं. घाण हा शब्द त्यांचाच. त्यांची मुलगी राजलक्ष्मी 'वेस्ट' म्हणायची, तेव्हा ते म्हणायचे, "इंग्रजीत सांगितलं म्हणून वास कमी येतो व्हय?"

कोपरखैरण्यातली त्यांची इमारत चार मजली, लिफ्ट नसलेली. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या मागे, जिथून दिवसभर ऊन हटत नाही, तिथे हौसेरावांनी भंगारातून आणलेलं लोखंडी रॅक मांडलं होतं. वरच्या फळीवर घट्ट झाकणांच्या पारदर्शक बरण्या, त्यांत राखाडी, गढूळ अल्कोहोल. खालच्या फळीवर दोन पराती. एकीत वापरलेले हातमोजे आणि टिश्यू पेपर, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर खडे ठेवलेले. दुसरीत बिघडलेले नग आणि बारीक काड्या. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी, आणि पट्टीवर बॉलपेनने तारीख.

राजलक्ष्मी अकरा वाजता चहा घेऊन वर गेली, तेव्हा ते उकिडवे बसून एक बरणी फडक्यातून गाळत होते. फडकं त्यांच्याच जुन्या धोतराचं.

"बघ, नासलं का नाही बरोबर," ते म्हणाले. "दूध नासतं तसं नासलं पाहिजे. मग साका खाली बसतो आणि वरचं निवळ परत तुझ्या कामाला."

"आबा, हातमोजे कुठेत?"

"हे काय." त्यांनी दोन्ही हात वर केले. निळे हातमोजे कोपराजवळ दोऱ्याने बांधलेले होते. "मला शिकवतीस?"

हे सगळं तिच्या कामातून निघायचं. टेबलावर बोटभर उंचीच्या सैनिकांच्या लढाया खेळणारे लोक असतात. कमावती, मोठी माणसं, कुणाच्या दाढ्या पिकलेल्या. त्यांच्याकडे सैनिक असतात, पण रणांगण लागतं. ते राजलक्ष्मी करायची. ढासळलेले बुरूज, मोडके पूल, जळालेली गोदामं. आतल्या खोलीत दोन थ्रीडी प्रिंटर होते. त्यांच्या तसराळ्यात चिकट रेझिन ओतायचं. प्रकाश पडेल तसतसं ते थरावर थर घट्ट होत जाई, आणि आठ-दहा तासांनी एक बुरूज वटवाघळासारखा उलटा लटकत बाहेर येई. मग त्याच्या टेकूच्या काड्या मोडायच्या, त्याला अल्कोहोलमध्ये धुवायचं. बुरूज बेंगळुरूला किंवा पुण्याला जायचा. काड्या, फसलेले नग आणि धुणावळीचं पाणी मागे राहायचं.

"चिकट आहे तोवर विष, खडा झाला की नुसतं प्लास्टिक," हा हौसेरावांचा नियम. आणि चिकटाचा खडा करायला फुकटात मिळणारी एकच गोष्ट होती, नवी मुंबईचं ऊन.

तेवढ्यात जिन्यावरून चपलांचा आवाज आला आणि सोसायटीचे सेक्रेटरी शहाजी टाकीतलं पाणी बघायला वर आले. वाशीच्या मार्केटात त्यांचा कांद्या-बटाट्याचा गाळा होता. आवाज तिथलाच, दहा गाळ्यांपलीकडे पोचणारा.

"काय हौसेराव, पापड झाले का तळायला?"

"तुमच्यासाठीच वाळवतोय. या जेवायला."

"नको बाबा. आणि आज गटाराला सुट्टी आहे ना?"

"कायमची दिलीय," हौसेराव म्हणाले आणि हसले.

शहाजीही हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं. तीन वर्षं ते हा विनोद दर पंधरा दिवसांनी करत होते. तीन वर्षं हौसेराव त्याला हसत होते. आणि तीन वर्षं राजलक्ष्मी तो ऐकून दुसरीकडे बघत होती. आजही तिने चहाचा रिकामा कप उचलला आणि कपाच्या तळाशी काहीतरी लिहिलं असावं तसं त्यात बघत राहिली.

कारण गटारात ते हौसेरावांनी ओतलं नव्हतं. तिने ओतलं होतं. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि ती दोघंही त्याबद्दल एकमेकांशी कधी बोलली नव्हती.

बाकी दिवस कोणत्याही दिवसासारखा गेला. दुपारी मेथीची भाजी होती. हौसेराव जेवून आडवे झाले, उठून पेपर वाचला, बायकोबरोबर, वेणूबाईंबरोबर, कुठल्याशा मालिकेतल्या सुनेवरून वाद घातला. रात्री झोपायला जाताना ते राजलक्ष्मीच्या खोलीच्या दारात थांबले.

"उद्या परात तू उलट. खांदा जरा धरलाय माझा."

"बाम लावून देऊ?"

"काय नको. झोप लागली की सुटंल."

"बरं, उलटते मी," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

शुक्रवारी पहाटे वेणूबाई चहाला हाक मारत राहिल्या आणि हौसेराव उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच बंद पडलं हृदय, त्रास झाला नसेल. डॉक्टर असं म्हणतातच.

*

ते प्रकरण तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधलं.

करोनात बेलापूरच्या आर्किटेक्टच्या ऑफिसातली राजलक्ष्मीची ड्राफ्टिंगची नोकरी गेली. साठवलेल्या पैशांतून तिने पहिला प्रिंटर घेतला तेव्हा नातेवाइकांनी नाना तर्क केले. तेहेतीस वर्षांची मुलगी, लग्न नाही, नोकरी नाही आणि घरात बसून खेळणी करते. हौसेराव तळोज्याच्या रंगाच्या कंपनीतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी प्रिंटरभोवती एक फेरी मारली, खाली वाकून वास घेतला आणि विचारलं, "ह्याचं सांडपाणी कुठं जातं?"

तिला हसू आलं होतं. ते मात्र गंभीर होते. एकतीस वर्षं त्यांनी कंपनीच्या सांडपाण्याच्या प्लांटवर काढली होती. लाल, निळं, काळं पाणी एका टोकाने यायचं, चुना आणि तुरटी खात टाकीमागून टाकी पार करायचं आणि शेवटच्या टाकीत निवळ होऊन पडायचं. त्या शेवटच्या टाकीत हौसेरावांनी गप्पी मासे सोडले होते. कुणी साहेब पाहणीला आला की सगळे रिपोर्टची फाईल उघडायचे; हौसेराव त्याला टाकीच्या काठावर न्यायचे. "मासा कागद वाचत नाय साहेब," ते म्हणायचे. "पाणी खोटं असलं तर त्याला एकच येतं, मरायला." ही गोष्ट त्यांनी लग्नकार्यात, बारशाला, रांगेत भेटलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलेली होती. वेणूबाई तर ते 'मासा' म्हणाले की उठून स्वयंपाकघरात जायच्या.

त्या मार्चमध्ये हौसेराव साताऱ्याकडे गावच्या यात्रेला गेले. करोनामुळे दोन वर्षं यात्रा भरली नव्हती, म्हणून चांगले पाच दिवस गेले. जाताना सांगून गेले, "धुतलेलं पाणी साठव. आल्यावर बघतो त्याचं काय करायचं."

नेमकी त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर आली. धुणावळीच्या दोन्ही बादल्या भरल्या, तिसरी नव्हती. वासाने वेणूबाईंचं डोकं चढलं. राजलक्ष्मी बादल्यांकडे बघत उभी राहिली. अल्कोहोलच तर आहे, तिच्या मनात आलं. सॅनिटायझर. दोन वर्षं अख्खी मुंबई हातावर चोळून तेच मोरीत सोडतेय. तिने दोन्ही बादल्या मोरीत रिकाम्या केल्या, वर चार तांबे पाणी टाकलं आणि कामाला बसली. त्यात विरघळलेल्या रेझिनचं तिच्या लक्षातच आलं नाही. किंवा आलं, आणि ऑर्डर जास्त लक्षात राहिली. पुढे ती हे स्वतःला पुष्कळदा विचारायची.

तळमजल्याच्या चेंबरच्या झाकणाला चीर गेलेली होती. चिरेतून ऊन आत पडायचं. दोन दिवसांत तिथे राखाडी चिकट साय जमली, पाणी तुंबलं, आणि सोसायटीची झाडलोट करणारी गोजराबाई नेहमीप्रमाणे उघड्या हातांनी ते काढायला बसली. दुसऱ्या सकाळी तिचे हात मनगटापर्यंत सुजले होते आणि बोटांच्या बेचक्यांत पाण्याचे फोड उठले होते.

हौसेराव त्याच सकाळी गावाहून आले. खांद्यावर पिशवी, हातात प्रसादाचा पुडा, आणि जिन्यात ही गर्दी. पुढे शहाजी, मागे खालच्या मजल्यावरची चार माणसं, मध्ये गोजराबाई हात पुढे धरून उभी.

"हौसेराव, तुमच्या घरातून केमिकल गेलंय चेंबरात," शहाजी म्हणाले. "नाही म्हणू नका. वास ओळखतो सगळे."

राजलक्ष्मी दाराच्या आत होती. दार अर्धं उघडं होतं. तिने तोंड उघडलं, हे तिला नक्की आठवतं. आवाज निघाला नाही, हेही नक्की आठवतं.

हौसेरावांनी आधी गोजराबाईचे हात पाहिले. जवळ जाऊन, चष्मा सावरून, नीट पाहिले. मग त्यांची नजर गोजराबाईच्या खांद्यावरून आत गेली, मोरीच्या दाराशी पालथ्या पडलेल्या दोन बादल्यांवर. राजलक्ष्मीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मीच ओतलं," ते म्हणाले. "गावाला जायच्या आदल्या रात्री."

"तुम्ही?" शहाजींना पटेना. "अहो, तुमचा जन्म गेला ह्यात."

"म्हणूनच सांगतो. चुकलं माझं."

मग गोजराबाईने तोंड सोडलं. तिच्या हातांची आग होत होती आणि समोर एक माणूस कबुली देऊन उभा होता. ती म्हणाली, शिकलेली माणसं, आमचे हात म्हणजे काय फावडी आहेत तुमची? म्हणाली, ह्याच हातांनी लेकरांना भाकरी करते मी. आणि शेवटी म्हणाली, "किडं पडतील तुमच्या हातांत. मरताना तोंडात पाणी घालाया कुणी ऱ्हायचं न्हाई." अख्खा जिना ऐकत होता. हौसेराव प्रसादाचा पुडा हातात धरून मान खाली घालून उभे होते.

त्यांनी गोजराबाईला त्याच पावली बोनकोड्याच्या डॉक्टरांकडे नेलं आणि पुढे महिनाभर दर आठवड्याला नेत राहिले. रविवारच्या मीटिंगमध्ये शहाजींनी इतिवृत्तात घटना लिहिली आणि हौसेरावांनी तिच्याखाली सही केली. वेणूबाई रडल्या, मग चिडल्या. "जगाला शहाणपण शिकवलंत, आणि स्वतः हे," असं त्या नंतरही अधूनमधून म्हणायच्या. त्यांनाही खरं माहीत नव्हतं.

त्या सकाळी, डॉक्टरांकडून परत आल्यावर, राजलक्ष्मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली होती.

"आबा, ते–"

"इथून पुढं घाण माझ्याकडं," ते म्हणाले. "तू फक्त छाप. जेवलीस का?"

आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याकडून रॅक आणलं. त्या सहीनंतर माशांची गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितलेली राजलक्ष्मीने पुन्हा ऐकली नाही.

*

ते गेल्यावर तिला वाटलं होतं, हीच गोष्ट सारखी आठवत राहील. आठवायचं ते भलतंच.

आठवायचं त्यांचं पहिल्या बुरुजाकडे बघणं. त्यांनी तो तळहातावर घेतला, गोल फिरवला. "लोक आयुष्यभर पडक्याचं नवं करतात," ते म्हणाले. "तू नव्याचं पडकं करतीस. आणि त्याला गिऱ्हाईक मिळतं म्हणतीस." आठवायचा तो दिवस, जेव्हा ती एका कारखान्याच्या भग्नावशेषाला गंजाचा रंग देत होती आणि ते मागे उभे राहून अस्वस्थ होत होते. शेवटी न राहवून त्यांनी ब्रश काढून घेतला. "असा कुठं गंज असतो? तू वरून शिंपडलायस. गंज वरून येत नाय. सांध्यातून येतो, बोल्टाखालून येतो, आणि पाणी जसं ओघळलं तसा खाली ओघळतो." त्यांनी बोटभर पाइपच्या सांध्याखाली तांबूस रेघ ओढली. तेवढ्या एका रेघेने पाइप वीस वर्षं जुना झाला.

तेव्हापासून गंज त्यांच्याकडे. संध्याकाळी खिडकीपाशी पाट मांडून बसायचे, चष्म्यावर भिंग लावून. गुणगुणायचे ते कधी ओळखू यायचं नाही. हळूहळू सूचना करू लागले. ह्या गोदामाला मोरी कशी नाही? हा जिना गोल टाकीला बाहेरून पाहिजे, आतून कोण चढतं? मग एकदा कागदावर त्यांनी आपल्या प्लांटचं चित्रच काढून दिलं. मधोमध गोल टाकी, तिच्यावर फिरणारा पूल, कडेला चुन्याचा हौद, पाइप कुठून कुठे गेले ते बाणांनी. "हे कर," म्हणाले. "बघू कोण घेतं."

राजलक्ष्मीने आठवडाभर खपून ते कॉम्प्युटरवर उभं केलं. बापाची मर्जी म्हणून. ते तिचं सगळ्यांत जास्त विकलं गेलेलं मॉडेल ठरलं. खेळणाऱ्यांना ती परग्रहावरची अणुभट्टी वाटली. बेंगळुरूच्या एका क्लबने एकदम बारा मागवल्या. हौसेरावांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फार वेळ विचार केला.

"म्हणजे आमच्या चुन्याच्या हौदावर आता बंदुकीवाले उभे राहणार."

"हो."

"राहू दे. पण कठड्याला टेकू नका म्हणावं. गंजलाय."

त्यांनी वेणूबाईंना सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, आमचा प्लांट बेंगलोरला गेला. राजलक्ष्मी त्या दिवसांत फार सुखी होती, आणि तिला ते तेव्हा कळलंही होतं. लोक म्हणतात सुख मागाहून कळतं. तिचं तसं नव्हतं. खिडकीपाशी ती दोघं पाठीला पाठ लावून काम करत असायची, प्रिंटर आतल्या खोलीत टकटक करत असायचा, आणि तिला वाटायचं, आत्ता सांगावं. आबा, त्या दिवशी मी गप्प बसले. एवढंच तर वाक्य. पण ते गुणगुणत असायचे. उगीच कशाला, उद्या सांगू. असे तीन वर्षांचे उद्या झाले.

*

मेच्या पहिल्या आठवड्यात शहाजी घरी आले. वेणूबाईंची चौकशी केली, पाणी प्यायले, हौसेरावांच्या फोटोला हात जोडले. मग खिशातून घडी केलेला कागद काढला.

"राजी, सोमवारपासून गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू. ते रॅक तेवढं रविवारपर्यंत उतरवून घे. आणि हे एक वाच."

कमिटीत नवे लोक आले होते. त्यांचं म्हणणं होतं, घरात केमिकलचं काम नको, आधी एकदा झालंय. शहाजींनी तिची बाजू घेतली होती. ते काम हौसेरावांच्या हातून झालं, मुलीच्या हातून कधी काही झालं नाही, हे त्यांनी सगळ्यांना पटवलं होतं. तसं तिने लिहून दिलं की परवानगी पक्की. टाइप केलेल्या कागदावर होतं: 'मार्च २०२२ मध्ये ड्रेनेज चेंबरमध्ये रसायन सोडण्याची चूक माझे वडील कै. हौसेराव यांच्याकडून झाली होती. त्या घटनेशी माझा संबंध नव्हता.' खाली सहीची जागा.

"काका, हे असं लिहायलाच पाहिजे का?"

"अगं, त्यात नवीन काय आहे? त्यांची स्वतःची सही आहे मीटिंगच्या पुस्तकात." शहाजींचा आवाज मऊ झाला. "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, पोरी? तुझं काम बंद पडलं तर तुम्ही दोघी खाणार काय? त्यांनाही हेच हवं असतं, लिहून घे माझ्याकडून."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच तिला झोप येईना. त्यांना हेच हवं होतं. त्यांनी तीन वर्षांपूर्वी जिन्यात उभं राहून नेमकं हेच विकत घेतलं होतं, स्वतःजवळची सगळ्यांत मोलाची चीज मोडून. आता फक्त तिने पावतीवर सही करायची होती. वेणूबाई म्हणाल्या, "कर की सही. खरंच आहे ते." राजलक्ष्मीने कागद एका जाड कादंबरीत ठेवला, मग काढला, मग टेबलावर ठेवला. चार दिवस तो तिथेच पडून राहिला.

रविवारी सकाळी ती गोण्या घेऊन गच्चीवर गेली. गोजराबाई आधीच आली होती. शहाजींनीच तिला मदतीला पाठवलं होतं. तळवलीहून सकाळच्या बसने ती आली होती, आणि हातांत निळे हातमोजे घालून रॅकसमोर बसली होती.

"मोजे कुठून आणलेत?"

"बाबांनीच दिलं होतं, अख्खी पेटी." गोजराबाईने परातीतला एक मोडका बुरूज उचलून त्यावर काडीचं टोक दाबलं. "असं बघायचं. खूण उठली तर परत उन्हात. न्हाई उठली तर गोणीत. आवाजपन बघायचा. खणखणीत पायजे."

तिने तो फरशीवर आपटून दाखवला. राजलक्ष्मीला हे माहीत नव्हतं. आबांनी तिला निकाल सांगितला होता, तपासणी शिकवली होती ती गोजराबाईला.

दोघी समोरासमोर बसल्या. परातीत दीड महिन्याचं ऊन खाल्लेल्या काड्या चिमटीत कडकड मोडत होत्या. बरण्यांमधलं अल्कोहोल वर अगदी निवळ झालं होतं, तळाशी राखाडी साका. तारखा त्यांच्या अक्षरात. शेवटची तारीख गुरुवारची. राजलक्ष्मीने ती बरणी बाजूला ठेवली, मग पुन्हा ओळीत ठेवली.

"ताई," गोजराबाई खालीच बघत म्हणाली, "एक इचारू? बाबा गेले तवा तोंडात पानी घातलं का कुणी?"

"झोपेत गेले ते. पहाटे कळलं आम्हाला."

गोजराबाईचे हात थांबले.

"मग माझं लागलं त्यांना," ती म्हणाली.

"काय लागलं?"

"मी बोलले होते तवा. जिन्यात. मरताना पानी मिळायचं न्हाई म्हून. तुमी ऐकलं आसंल." तिने मनगटाने नाक पुसलं. "राग होता ओ. हाताची आग होत होती. पन मानूस देवावानी निघाला. म्हैनाभर दवाखान्यात बसला माझ्यासंगं. दर दिवाळीला हात दाखव म्हनायचा, दोनी बाजूंनी बघायचा. मी माझ्या पोरीला सांगते, चूक मानसाकडनं होती, पन झाली म्हून सांगनारा एकच बघितला मी. आन मी त्याच मानसाला असं बोलले. किती येळा वाटलं माफी मागावी. उद्या मागू, उद्या मागू. आता कुनाला मागू?"

ऊन चढलं होतं. राजलक्ष्मीच्या मांडीवर अर्धा पूल होता, सुरुवातीलाच फसलेला, दोनच कमानींचा.

जिन्यावर चपला वाजल्या आणि शहाजी वर आले. एका हातात गच्चीच्या किल्ल्या, दुसऱ्या हातात पेन.

"आटपलं का गं बायांनो? राजी, तो कागद दे बरं. बाराला मीटिंग आहे, मी सगळं बोलून ठेवलंय. पाच मिनिटांचं काम. ए गोजरा, काय झालं रडायला?"

"काय न्हाई सायेब. बाबांची आठवन निघाली."

"हां. माणूस चांगलाच होता. एक ते सोडलं तर."

राजलक्ष्मी उठून उभी राहिली. तिला वाटलं होतं की असं काही बोलायचं झालं तर शब्द शोधावे लागतील. तसं काही झालं नाही. वाक्य तीन वर्षं घडी घालून ठेवलेलं होतं, फक्त ज्याला सांगायचं तो माणूस नव्हता. दुसरी दोन माणसं होती. त्यातल्या एकीचेच ते हात होते.

"गोजराबाई, तुमचं काही लागलं नाही त्यांना. ज्याला लागायला हवं होतं ते माणूस दाराच्या आत उभं होतं."

"म्हंजी?"

"राजी," शहाजी सावध आवाजात म्हणाले, "काय बोलतेयस ते विचार करून बोल. मीटिंग आहे आत्ता."

"मीटिंगमध्ये पण हेच सांगणार आहे, काका. पुस्तकात तसं लिहून घ्या, सही मी करते." ती गोजराबाईकडे वळली. हातमोज्यांतल्या त्या हातांकडे तिने पाहिलं, आणि मग तोंडाकडे. "तुमचे हात माझ्यामुळे भाजले. आबा गावाला गेले होते. बादल्या भरल्या होत्या, मला घाई होती, मी मोरीत ओतलं. दोन्ही बादल्या. ते वर आले, तुमचे हात बघितले आणि माझी चूक स्वतःवर घेतली. मी दाराआड उभी राहून तुमच्या शिव्या ऐकल्या आणि गप्प बसले. तेव्हाही आणि नंतरही. माझ्या आबांनी आयुष्यात एक थेंब गटारात सोडला नाही."